शाळा सुटते, बाई सुटत नाहीत



एरवी आपण या पानावर तीन-चार पत्रांचा समाचार घेतो. या खेपेला मात्र मी एकाच पत्राला उत्तर देणार आहे. पत्र चांगलं चार पानी आहे, आणि त्यात विचारलेली गोष्ट घरोघरची आहे. लिहिणाऱ्या बाई एका तालुक्याच्या गावी राहतात. नाव-गाव छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय, तेव्हा ते राहू दे. घर एकत्र, त्या थोरल्या सूनबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेत. धाकट्या जाऊबाई गावातल्याच एका खासगी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवतात. आता त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, थोडं आवरून देते :

"पूर्वी तिची शाळा सकाळी सातची होती. साडेबाराला ती घरी यायची आणि दुपारची पानं तीच घ्यायची, त्यामुळे मला काही वाटत नसे. आता शाळा नऊची झाली. ती घरी येते अडीचला. तोवर सासूबाईंचं पथ्याचं, मामंजींचं, मुलांचं सगळं मीच उरकते. बरं, आल्यावर तरी हातभार लावावा, तर अर्धा-पाऊण तास एक शब्द बोलत नाही. विचारलं तर मानेनं हो-नाही. रात्री वह्यांचा गठ्ठा घेऊन बसते. दिवाळीपासून तर कसल्याशा परीक्षेचा अभ्यास घेतलाय. पगार म्हणाल तर तुटपुंजा. येत्या जूनपासून तिनं नोकरी सोडावी असं घरात सगळ्यांचं ठरत आलं आहे. तिला अजून स्पष्ट सांगितलेलं नाही, ते मी सांगावं अशी सर्वांची अपेक्षा आहे. तुम्हीही शिकवता म्हणून विचारते, असं काय आहे हो त्या नोकरीत?"

बाई, तुमचा राग मला कळतो. दुपारी बारा ते दोन या वेळात एकत्र कुटुंबातल्या स्वयंपाकघरात काय चाललेलं असतं हे ज्यानं पाहिलंय त्याला तो कळेलच. एकाला मऊ भात, दुसऱ्याला गरम पोळी, मुलांना शाळेच्या आधी वाढायचं, आणि त्यात गॅसवर दूध. तेव्हा तुमची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तक्रारीचं बोट तुम्ही जाऊबाईंकडे केलंय, ते मला पटत नाही. शाळा नऊची त्यांनी केली नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, लहान मुलांची झोप पुरी व्हावी, असा निर्णय शासनानं २०२४ साली घेतला आणि २०२४-२५च्या शैक्षणिक वर्षापासून बऱ्याच शाळांच्या वेळा बदलल्या. मुलांच्या दृष्टीनं तो चांगलाच. माझ्या वर्गात पूर्वी पहिल्या तासाला चार-पाच डोकी बाकावर टेकलेली असायची, ती आता ताठ असतात. पण त्यामुळे किती घरांतलं दुपारचं जेवण एका बाईच्या हातून दुसऱ्या बाईच्या हातात गेलं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तुमच्या घरात तो तुमच्या वाट्याला आला. हे आधी मान्य करू, मग पुढचं बोलू.

आता मी कुठल्या अधिकारानं बोलते ते सांगते. मी अर्धवेळ शिकवते, दुसरीच्या वर्गाला भाषा आणि गणित. नावापुढे बी.ए. आहे. लग्नाआधी डी.एड. केलं ते, खरं सांगायचं तर, त्या काळी मुलीनं डी.एड. केलं की स्थळं बरी येत म्हणून. तेव्हा डी.एड.ची लाटच होती. गावोगावी विद्यालयं निघाली, आणि पुढे नोकऱ्या निघाल्या नाहीत तेव्हा कितीतरी मुली ते प्रमाणपत्र कपाटातल्या पैठणीखाली ठेवून संसाराला लागल्या. मीही त्यांतलीच. शाळेतल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी काही महिने म्हणून गेले आणि राहिले. तेव्हा "मला लहानपणापासून शिक्षिकाच व्हायचं होतं" वगैरे मी सांगणार नाही. बहुतेकजणी या कामात सोयीनं येतात. शाळा घराजवळ, सुट्ट्या मुलांच्या सुट्ट्यांबरोबर, लग्नात कुणाची हरकत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. पण सोयीसाठी आलेली बाई सोय संपल्यावरही राहते, तिथं काहीतरी वेगळं असतं. तुमच्या जाऊबाईंची सोय २०२४ सालीच संपली की! तरी त्या जातात.

ते वेगळं काय, हे सांगायला एक साधं उदाहरण देते. आपली मराठीची आकडेमोड. त्रेपन्न म्हणताना आपण आधी तीन म्हणतो, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच, मग तीन. सात वर्षांचं मूल कानानं ऐकतं त्या क्रमानं लिहितं आणि ३५ करून ठेवतं. एकोणपन्नास तर विचारूच नका. 'पन्नास' कानावर पडलं की पोर ५९ लिहून मोकळं. आपल्याला वाटतं मूल ढ आहे, लक्ष नाही. मूल ढ नसतं, ते ऐकल्याबरहुकूम लिहीत असतं. तुम्हांला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'पन्नास तीन' अशाही वाचायला दिल्या, तेव्हा केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रांतून, विधानसभेतून थट्टा झाली. त्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, स्वतः गणिताच्या अभ्यासक. त्या शांतपणे सांगत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, ही जोडीला दिली आहे. कानडी, तमिळ, तेलुगूतही दशक आधी बोलतात. माझं मत विचाराल तर ज्यांनी थट्टा केली त्यांतल्या कुणी दुसरीच्या वर्गात एक आठवडाही काढला नसावा. मी दोन्ही शिकवते. आधी 'पन्नास तीन' म्हणून मूल बरोबर लिहायला लागतं, मग त्याच खुंटीला 'त्रेपन्न' अडकवायचं. आणि ज्या दिवशी तीन महिने ५९ लिहिणारं पोर 'एकोणपन्नास' ऐकून क्षणभर थांबतं, डोळे वर करतं, बोटांवर काहीतरी मोजतं आणि ४९ लिहितं, त्या दिवशी मला घरी जाताना रिक्षेत हसू येत असतं. रिक्षावाला आरशातून बघतो. बघू दे.

अक्षरांचंही तसंच. जून-जुलैत पहिली-दुसरीच्या मुलाला 'ब' आणि 'व', 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात. शिकवत राहायचं, शिकवत राहायचं, आणि मध्येच कुठल्याशा दिवशी ते पोर वाचायला लागतं. मागच्या वर्षी बाजारात एक विद्यार्थिनी आईचा हात सोडून धावत आली नि ओरडली, "बाई, पिठाची गिरणी!" मला वाटलं पडली-बिडली की काय. तिनं दुकानाची पाटी वाचली होती. रोज त्या गिरणीवरून जात होती, त्या दिवशी प्रथमच ती गिरणी झाली. तिची आई म्हणाली, "दोन दिवस झाले, रस्त्यानं चालू देत नाही, प्रत्येक पाटीला थांबते." हा आनंद हायस्कुलातल्या किंवा कॉलेजातल्या शिक्षकाला मिळत नाही, त्यांच्याकडे मुलं वाचता येऊनच जातात. तेव्हा "एवढं बी.ए. होऊन दुसरीलाच शिकवता?" असं कुणी विचारलं की मी आता रागावत नाही. मनात म्हणते, तुम्हांला वाचायला ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव आठवतंय का बघा.

बरं, 'अर्ध्या दिवसाची नोकरी' या गैरसमजाचंही एकदा बोलून घेऊ. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात, जो १ एप्रिल २०१०पासून लागू झाला, शिक्षकाच्या आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, आणि त्यात पूर्वतयारीचे तास स्पष्टपणे मोजले आहेत. म्हणजे घरी घेऊन आलेला तो वह्यांचा गठ्ठा हा छंद नव्हे, कायद्यानं मानलेलं काम आहे. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण सांगितलंय. तुमच्या जाऊबाईंच्या वर्गात किती मुलं आहेत, एकदा विचारा. पन्नास असतील तर वह्याही पन्नास, आणि भाषा, गणित, परिसर मिळून दीडशे. एका वहीला एक मिनिट धरलं तरी अडीच तास. तुम्ही घड्याळ लावून पाहा हवं तर.

शिवाय सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या बायकांच्या मागे आणखी लचांडं असतात. कायदा म्हणतो की जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका एवढं सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला जुंपू नये. पण निवडणूक म्हटली की त्यात मतदार याद्याही आल्या, नि याद्या म्हटल्या की उन्हातान्हातून घरं आली. २०११च्या जनगणनेला आमच्या आळीत आलेल्या बाई शिक्षिकाच होत्या. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, नको, पुढे जायला जागा मिळत नाही. कळलं ना तुम्हांला? शाळांतूनही तेच. स्वच्छतागृह धड नसलं की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याचे पुढचे त्रास आपण बायकांनी एकमेकींना समजावून सांगायला नकोत. जाऊबाईंना वरचेवर जळजळ, ताप असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि शाळेत पाण्याची बाटली संपवूनच ये म्हणून सांगा. तुमच्यासारख्या थोरल्या जावेनं सांगितलं तर ऐकतील.

आता ते न बोलणं. तुमच्या पत्रातला सगळ्यांत जिव्हारी लागलेला भाग तोच आहे असं मला वाटलं. कामापेक्षाही त्या गप्प बसण्यानं तुम्ही दुखावल्यात. तर ऐका. साडेचार-पाच तास पन्नास मुलांवर आवाज चढवून माणसाचा घसा अक्षरशः सुजतो. स्वरतंतूंवर गाठी येणं हा शिक्षकांचा, गायकांचा, फेरीवाल्यांचा नेहमीचा आजार आहे. तुमच्या जाऊबाई रुसलेल्या नसतात, त्यांचा घसा थकलेला असतो. आणि पाऊण तास मौन पाळतात हे त्या शहाणपणाचं करतात. त्याला थोडी जोड द्या. आल्याबरोबर साधं कोमट पाणी घोट घोट प्यावं, फ्रिजमधलं नको. घसा खाकरून साफ करायची सवय वाईट, त्यानं तंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी आवंढा गिळावा. कुजबुजत बोलल्यानं घशाला विश्रांती मिळते हा समज चुकीचा आहे, उलट ताण वाढतो. बोलायचं तर हळू पण नेहमीच्या आवाजात, नाहीतर बोलूच नये. रात्री निजताना नुसत्या पाण्याची वाफ घ्यावी. वर्गात मुलांना गप्प करायला ओरडण्याऐवजी टाळी वाजवावी. मी डेस्कावर पट्टी दोनदा आपटते आणि तिसऱ्यांदा मुलंच आपटतात, तो आमचा खेळ झालाय. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर मात्र ज्येष्ठमध चघळत बसू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठावं. पायांचंही पाहा. उभं राहून पिंढऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या असतील तर घरी आल्यावर पंधरा मिनिटं पाय उशीवर उंच करून पडावं. ती आळस करत नाही हो, पाय उतरवत असते.

राहता राहिला परीक्षेचा अभ्यास. तो 'कसलासा' नाही, बाई. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ज्या शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षं शिल्लक आहेत, त्यांनीही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायला हवी, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांचा पेपर दीडशे गुणांचा, दीडशे प्रश्न, वेळ अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. खुल्या गटाला उत्तीर्ण व्हायला साठ टक्के लागतात. पंधरा-पंधरा वर्षं शिकवलेल्या बायका आज मुलांच्या झोपेनंतर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली गाईडं उघडून बसल्या आहेत. त्यात अन्याय आहे की न्याय, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत रोज वाद होतात, ते इथं नको. पण तुमच्या घरात जी बाई नोकरी सोडणार असं तुम्ही सगळ्यांनी ठरवत आणलंय, तीच बाई रात्री ती नोकरी टिकवायला अभ्यास करते आहे. तिला तुम्ही विचारलं नाही, पण उत्तर ती रोज रात्री देतेच आहे, नाही का?

पगाराविषयी. 'तुटपुंजा' म्हणजे किती ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि शाळा अनुदानित की विनाअनुदानित तेही नाही. सगळा निर्णय खरं तर तिथंच अडतो. अनुदानित शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागलेल्या प्राथमिक शिक्षिकेला पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन मिळतं. ही योजना २००० साली सुरू झाली तेव्हा ते महिना ३,००० होतं, पुढे कितीतरी वर्षं ६,०००, आणि २०२३पासून १६,००० झालं. तीन वर्षं पुरी झाली की नियमित वेतनश्रेणी लागते आणि मग पगार तुटपुंजा राहत नाही. जाऊबाई जर या तीन वर्षांतल्या मधल्याच कुठल्या वर्षात असतील, तर जूनमध्ये राजीनामा देणं म्हणजे पीक कापणीला आल्यावर शेत सोडून देणं आहे. मान्यता मिळालेली जागा एकदा सोडली की पुन्हा मिळत नाही; तिच्या मागे रांग लागलेली असते. विनाअनुदानित शाळा असेल तर गोष्ट निराळी. तिथं संस्था देईल तो पगार, आणि तो कमी असेल तर तशाच कामाला दुसरीकडे जास्त मिळतो का हे जरूर पाहावं. पण ते जाऊबाईंनी पाहावं. आणि आधी नेमणुकीचं पत्र कपाटातून काढून त्यावर काय लिहिलंय ते वाचावं. आमच्याकडे नवीन आलेल्या दोघींनी ते घेतल्यापासून उघडलंच नव्हतं!

कुणी म्हणेल, शिक्षकी पेशा म्हणजे सेवा, त्यात पैशाचं काय? हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. सेवेचं कौतुक करणारे लोक पगाराच्या तारखेला कुठे दिसत नाहीत. खरी सेवा ज्यांनी केली त्यांची गोष्टच वेगळी. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालवली हे आपण दर ३ जानेवारीला मुलींकडून भाषणात पाठ करून घेतो. पण फसवल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३ साली जोतिरावांबरोबर घराचं दार उघडणाऱ्या आणि १८९७च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगानं गेलेल्या सावित्रीबाई शाळेबाहेरच्या होत्या. अनुताई वाघांचंही तसंच. बालपणीच वैधव्य आलेली ही बाई शिकून शिक्षिका झाली, आणि १९४५ साली पुण्यातली स्थिर नोकरी सोडून ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुलं गुरांमागे जातात म्हणून कुरणात भरवली, ती कुरणशाळा. 'अंगणवाडी' हा आज देशभर रुळलेला शब्द तिथला. सकाळी मुलांना गोळा करायचं, आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, मग अक्षरं. आणि संध्याकाळी त्याच मुलांच्या आयांशी पाड्यावर बोलत बसायचं. वर्ग कुठं संपतो नि बाईंचं आयुष्य कुठं सुरू होतं याची रेघ त्यांना ओढताच आली नसती. त्यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र वाचनालयात मिळेल, सुट्टीत दोघी जावांनी मिळून वाचा.

पण मी काही तुमच्या जाऊबाईंना अनुताई करायला निघालेली नाही. अनुताईंना दुपारची पानं घ्यायची नव्हती! आपल्याला संसार आहे आणि तो निभवायचा आहे. आपल्यासारख्यांची शाळेबाहेरची शाळा फार लहान असते. गल्लीतल्या आजींचा बँकेचा फॉर्म भरून द्यायचा. घ्यायला कुणी आलं नाही म्हणून रडवेल्या मुलाला घेऊन फाटकाशी थांबायचं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री साडेदहाला "बाई, उद्या कोणत्या रंगाचा कागद?" याचं उत्तर द्यायचं. (या एका गोष्टीला मी नऊनंतर बंदी घातली आहे. तुम्हीही जाऊबाईंना घालायला लावा. दोन दिवस पालक फुगतात, तिसऱ्या दिवशी दुपारीच विचारतात.) आणि गावात कुठंही मोकळं फिरता येत नाही ते वेगळंच. मेथीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करावी तर मागून, "बाई, तुम्हीपण भांडता?" पाणीपुरीच्या गाडीवर तर मी आता शेजारच्या गावी गेल्यावरच उभी राहते.

आता तुमच्या बाजूचं. जाऊबाईंनी नोकरी करावी आणि त्याचा सगळा भार तुम्ही उचलावा हे मी सांगणार नाही. तसं सांगणं हा तुमच्यावर अन्याय होईल, आणि असला अन्याय चार महिने सोसला की पाचव्या महिन्यात तो भांड्यांवर निघतो. तेव्हा व्यवहारानं घ्या. दुपारच्या पोळ्यांना बाई लावा, आणि तिचा पगार जाऊबाईंच्या पगारातून जाऊ दे. हे त्यांना ओझं वाटणार नाही; उलट आपल्या पैशानं थोरल्या वहिनींचे हात मोकळे झाले याचं समाधानच वाटेल. रात्रीचा स्वयंपाक त्यांचा ठरवून द्या, पण साडेसहानंतर. अडीच ते साडेसहा त्यांच्या वह्या आणि अभ्यास. उद्याची भाजी रात्रीच निवडून डब्यात, कणीक भिजवून फ्रिजमध्ये, कुकरचे डाळ-तांदूळ मोजून वाट्यांत. एवढं झालं की सकाळी नऊपर्यंत दोघींचीही फरफट होत नाही. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-चार दिवस तुम्ही माहेरी जा, घर त्यांच्यावर टाकून. हे आत्ताच, कॅलेंडरवर खूण करून ठरवा. तोंडी ठरलेलं सुट्टीत कुणाला आठवत नाही.

आणि एक विचारू? चार पानांच्या पत्रात सासूबाईंचे गुडघे आहेत, मामंजींचं पथ्य आहे, मुलांच्या वेळा आहेत. तुमचे यजमान आणि भावोजी कुठं आहेत? दुपारी नसतील, कबूल. पण सकाळी सात ते नऊ तर असतातच ना घरात? मामंजींना फिरायला नेणं, मुलांना रिक्षेत बसवणं, पाणी भरणं, दुधाच्या पिशव्या, यांतलं एखादं काम त्यांच्या अंगाखांद्यावर दिलं तर घराण्याला बट्टा लागायचा नाही. भावोजींच्या बायकोची नोकरी सोडवायची ठरते आहे, तेव्हा पहिलं काम तर त्यांनाच द्या.

निरोप सांगण्याचं म्हणाल, तर तो तुम्ही नेऊ नका. घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट बोलायची आहे आणि ती थोरल्या सुनेच्या तोंडून बोलवून घ्यायची आहे, म्हणजे वाईट तुम्ही व्हायचं. त्याऐवजी एखाद्या शनिवारी, शाळेला परवानगी विचारून, जाऊबाईंच्या वर्गात तासभर मागच्या बाकावर जाऊन बसा. मुलं पहिली दहा मिनिटं तुमच्याकडेच बघतील, नंतर विसरतील. येताना दोघी चालत या. जूनला अजून अवकाश आहे.

पोळ्यांच्या बाईंचा विषय मात्र आधी सासूबाईंकडे काढा, जाऊबाईंकडे नंतर. "तुमच्या हातच्यासारख्या होणार नाहीत, पण तुम्ही बाजूला बसून दोन दिवस दाखवाल तर ती शिकेल," असं म्हणा. गुडघे दुखले तरी त्या पाटावर येऊन बसतील बघा.